टॉमी गनच्या (थॉम्पसन सबमशीनगनच्या) जागी कार्बाईन चालेल का? युद्धपटातील शस्त्रांविषयी सविस्तर उत्तर

सांगलीतील काही तरुण मित्र मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या एका जवानावर चित्रपट करीत आहेत. त्याचा पूर्वार्ध १९४४-४५ च्या इटलीत घडतो आणि उत्तरार्धात त्याच जवानाचा मुलगा १९७१ च्या युद्धात लढतो. शस्त्रे भाड्याने देणाऱ्या एका पुरवठादाराने त्यांना दोन्ही काळांसाठी एकाच जातीच्या रायफली आणि एकाच जातीच्या कार्बाईन देऊ केल्या असून त्यामुळे खर्च बराच कमी होतो. त्यांचा प्रश्न असा की, सामान्य प्रेक्षकाला हा फरक कळतो का, आणि कळत नसेल तर त्यासाठी जास्तीचे पैसे का घालवायचे? मी सैन्यात आर्मरर म्हणजे शस्त्रांची देखभाल-दुरुस्ती करणारा म्हणून नोकरी केली आहे. निवृत्तीनंतर साताऱ्यात स्थायिक झाल्यावर नाटक आणि चित्रपट करणाऱ्यांना या विषयात मदत करीत आलो आहे. त्या अनुभवावरून हे उत्तर देत आहे.

बंदुकीचे मॉडेल बरोबर की चूक हा प्रश्न मी नेहमी दुसऱ्या क्रमांकावर ठेवतो. पहिला प्रश्न असा की, त्या शस्त्रामुळे माणसाच्या हाताला काय करावे लागते आणि त्याला किती वेळ लागतो. रायफलीत किती गोळ्या बसतात, प्रत्येक गोळीनंतर बोल्ट ओढावा लागतो की नाही, मॅगझिन संपल्यावर नवे लावायला किती क्षण जातात, यावर सैनिक कधी धावतो, कधी आडोसा धरतो आणि कधी संगीन वापरतो हे ठरते. ज्या ठिकाणी शस्त्र बदलल्याने या हालचाली बदलत नाहीत, तेथे तडजोड करायला माझी हरकत नसते. ज्या ठिकाणी बदलतात, तेथे तडजोड केली की प्रसंगच खोटा पडतो, मग प्रेक्षकाला मॉडेलचे नाव माहीत असो वा नसो.

तुमच्याच रेजिमेंटचे उदाहरण घ्या. १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात नाईक यशवंत घाडगे यांच्या सेक्शनवर (जवानांच्या छोट्या तुकडीवर) अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला आणि त्यांच्याखेरीज सेक्शनमधील सर्व जवान ठार किंवा जखमी झाले. घाडगे एकटेच त्या मशीनगनवर धावून गेले. प्रथम त्यांनी हातगोळा टाकून गन आणि गनर निकामी केला, मग टॉमी गनने दुसऱ्याला टिपले. त्यानंतर मॅगझिन बदलण्यास वेळ नसल्याने टॉमी गन बॅरलकडून धरून उरलेल्या दोघांना त्यांनी दस्त्याने ठार केले. लगेचच शत्रूच्या स्नायपरांच्या गोळ्या लागून ते धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस देण्यात आला आणि त्या सन्मानपत्रातच मॅगझिन बदलण्यास वेळ नसल्याचा उल्लेख आहे.

हा प्रसंग शस्त्राच्या अंगाने पाहा. टॉमी गनच्या पेटी मॅगझिनमध्ये २० किंवा ३० गोळ्या बसतात आणि ती मिनिटाला साधारण सातशेच्या गतीने चालते, म्हणजे चाप दाबून ठेवला तर ३० गोळ्यांचे मॅगझिन तीन सेकंदांच्या आत रिकामे होते. समोर दोन माणसे उभी आहेत, अंतर काही पावलांचे आहे, रिकामे मॅगझिन काढून पाउचमधून दुसरे घ्यायचे आणि ते खाचेत नीट बसवायचे, इतका अवधी कोणालाच मिळणार नाही. उरते ती स्वतः गन. टॉमी गन रिकामी असतानाही साडेचार किलोहून जड असते आणि तिचा दस्ता भरीव लाकडाचा असतो, म्हणून उलटी धरून मारले तर घाव बसतो. आता हाच प्रसंग पुरवठादाराने देऊ केलेल्या स्टर्लिंग कार्बाईनवर करून पाहा. तिचे मॅगझिन डाव्या बाजूला आडवे असते, दस्ता घडीचा आणि पत्र्याचा असतो, नळीवर भोके पाडलेले आवरण असते. ती हातात घेऊन नट तेच करू लागला की हालचाल ओढूनताणून केल्यासारखी दिसते, कारण त्या शस्त्राचा घाट त्या कामाचा नाही. शिवाय स्टर्लिंग ब्रिटिश सैन्यातच १९५० च्या दशकात आली. तिच्या आधीची स्टेन गन १९४४ ला धरून आहे, पण इटलीतील ब्रिटिश आठव्या आर्मीच्या पायदळात सेक्शन कमांडरच्या हाती प्रामुख्याने टॉमी गनच होती, आणि स्टेनचा सळई किंवा नळीचा दस्ताही या प्रसंगाला उपयोगी नाही.

दुसरे उदाहरण शिपाई नामदेव जाधव यांचे. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदी ओलांडताना ते कंपनीचे रनर म्हणजे निरोप पोहोचवणारे जवान होते. दोन जखमी साथीदारांना खोल पाण्यातून, उभ्या चढावरून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून सुरक्षित जागी पोहोचवल्यावर ते एकटे मशीनगनच्या ठाण्यांवर गेले. हाताला जखम झाल्याने टॉमी गन चालवता येईना, तेव्हा ती टाकून त्यांनी हातगोळ्यांवर काम चालवले. गोळे संपल्यावर सरपटत जाऊन आणखी आणले आणि तीन ठाणी बंद पाडली. शेवटी बांधाच्या माथ्यावर चढून त्यांनी रेजिमेंटची युद्धगर्जना दिली आणि मागच्या कंपन्यांना पुढे बोलावले. त्यांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. येथेही शस्त्राचे वजन आणि ते चालवण्यासाठी लागणारे दोन हात हाच प्रसंगाचा कणा आहे. एका हाताने सहज चालेल असे हलके फायबरचे खेळणे नटाच्या हाती दिले, तर तो गन टाकून का देतो हे पडद्यावर कधीच पटणार नाही. सेनिओचे दोन्ही काठ उंच मातीच्या पूरबांधांचे होते आणि जर्मनांनी त्या बांधांतच मोर्चे खणले होते. हे चित्रीकरण कृष्णाकाठी करायचे असेल तर बांध असलेला भाग शोधावा, सपाट वाळवंट घेऊ नये.

आता रायफली. पुरवठादारांकडे सर्वांत जास्त आढळणारी बोल्टची रायफल म्हणजे ईशापूरची २ए किंवा २ए१. ती थ्री-नॉट-थ्रीसारखीच, म्हणजे .३०३ च्या ली-एनफिल्ड रायफलीसारखीच दिसते, पण ती ७.६२ मिलिमीटरची आहे आणि १९६२ च्या युद्धानंतर तयार झाली. ओळखण्याची खूण मॅगझिन आहे. थ्री-नॉट-थ्रीचे दहा गोळ्यांचे मॅगझिन खालून तिरके असते, तर २ए चे चौकोनी, सरळ खोक्यासारखे असते. थ्री-नॉट-थ्रीमध्येही दोन प्रकार आहेत. नंबर वन मार्क थ्रीचे तोंड बोथट असते, नळी लोखंडी टोपीच्या बरोबरीने संपते, मागचा साइट नळीच्या मध्यावर असतो आणि संगीन जवळजवळ सतरा इंच पात्याची, तलवारीसारखी असते. नंबर फोरची नळी थोडी बाहेर डोकावते, मागचा साइट डोळ्याजवळ असून त्याला छिद्र असते आणि संगीन खिळ्यासारखी आठ इंची असते. इटलीच्या मोहिमेतील छायाचित्रांत भारतीय जवानांच्या हाती हे दोन्ही प्रकार दिसतात, त्यामुळे जे मिळेल ते घ्यावे, फक्त एका रायफलीवर दुसरीची संगीन लावू नये. दूरच्या दृश्यात २ए चालेल, कारण बोल्ट तोच आहे आणि हाताची हालचाल तीच आहे. जवळच्या दृश्यात मात्र मॅगझिन झाकलेले असेल अशी काळजी घ्यावी.

बोल्ट चालवण्याबद्दल थोडे अधिक लिहितो, कारण आपल्याकडील युद्धपटांत मला सर्वांत जास्त खटकणारी गोष्ट ही आहे. नट गोळी झाडतो, रायफल खांद्यावरून खाली घेतो, सावकाश बोल्ट ओढतो, पुन्हा खांद्याला लावतो आणि पुन्हा नेम धरतो. शिकवलेला जवान असे कधीच करीत नसे. ली-एनफिल्डचा बोल्ट थोडाच वर उचलावा लागतो आणि मुठीच्या अगदी जवळ असतो, म्हणून गाल दस्त्यावरून न हलवता, रायफल खांद्यालाच ठेवून तो चालवता येतो. डावा हात रायफल धरून ठेवतो, उजव्याचा अंगठा आणि तर्जनी बोल्टची मूठ उचलून मागे ओढतात, पुंगळी उजवीकडे उडते आणि त्याच ओघात बोल्ट पुढे लोटला जातो. पुढे लोटताना शेवटच्या टप्प्यात थोडा जोर लागतो, कारण या रायफलीची स्प्रिंग बोल्ट बंद होतानाच ताणली जाते. तो जोर नटाच्या मनगटात दिसला पाहिजे. या पद्धतीने मिनिटाला पंधरा नेमाच्या गोळ्या ही जुन्या पायदळाची अपेक्षा होती. दहा गोळ्या संपल्या की पाच-पाच गोळ्यांचे दोन चार्जर (गोळ्या एकत्र धरणाऱ्या पत्र्याच्या पट्ट्या) वरून दाबून मॅगझिन भरायचे. थ्री-नॉट-थ्रीच्या गोळीच्या बुडाला कडा असते. भरताना खालच्या गोळीची कडा वरच्या गोळीच्या कडेपुढे आली तर गोळी अडकते, म्हणून चार्जर भरतानाच ही काळजी घ्यावी लागे. युद्धाच्या धांदलीत अडकलेली गोळी काढणारा एखादा जवान दाखवलात, तर तो प्रसंग कोणत्याही मोठ्या स्फोटापेक्षा खरा वाटेल.

सेक्शनचा खरा आधार ब्रेन गन ही हलकी मशीनगन होती. तीस गोळ्यांचे वाकडे मॅगझिन वरच्या बाजूला, दोन पायांची बायपॉड आणि शेजारी पडलेला नंबर टू, म्हणजे गनरचा मदतनीस. ती मिनिटाला सुमारे पाचशेच्या गतीने चालते, म्हणजे सलग चालवली तर मॅगझिन चार सेकंदांत संपेल, म्हणून गनर चार-पाच गोळ्यांचे तुटक बर्स्ट मारतो. नंबर टू मॅगझिन बदलतो, लक्ष्य पाहतो आणि बॅरल तापली की दुसरी बसवतो. सेक्शनमधील प्रत्येक रायफलवाल्याच्या पाउचमध्येही ब्रेनची मॅगझिने असत, आणि त्या काळच्या कॅनव्हासच्या पाउचचा आकार त्या मॅगझिनवरूनच ठरलेला होता. चित्रपटात बहुधा ब्रेन गन एकटा माणूस चालवताना दिसतो आणि मॅगझिन कधी संपतच नाही. नंबर टूची भूमिका एखाद्या चांगल्या नटाला द्यावी अशी माझी आग्रहाची सूचना आहे, कारण त्याच्या हातांकडे पाहूनच प्रेक्षकाला गोळीबाराचा वेग कळतो.

समोरची जर्मन एमजी ४२ याच्या अगदी उलट होती. मिनिटाला बाराशेच्या आसपास गती असल्याने तिच्यात सुटे ठोके ऐकू येत नाहीत, जाड कापड टराटरा फाडल्यासारखा एकच आवाज येतो. ध्वनीसंयोजन करताना दोन्ही बाजूंना एकच मशीनगनचा आवाज लावणे ही मोठी चूक ठरेल, कारण त्या रणांगणावर जवान शत्रू आणि आपला माणूस कानानेच ओळखत असत. अंधारातील प्रसंगात तर हा फरक तुम्हाला कथा सांगायला मदत करील. पैसे कमी असतील आणि जर्मन मशीनगनची चांगली प्रतिकृती मिळत नसेल, तर गन दिसूच देऊ नका. फक्त तिचा आवाज आणि उडणारी माती दाखवा.

उत्तरार्धात १९७१ आहे, तेथे प्रश्न सोपा आहे, पण चुका अधिक होतात. त्या युद्धात आपल्या पायदळाच्या हाती मुख्यतः ७.६२ ची एसएलआर (सेल्फ लोडिंग रायफल) होती. १९६५ मध्ये ती येऊ लागली होती, तरी बहुतेक पायदळ थ्री-नॉट-थ्रीवरच होते. एसएलआरमध्ये वीस गोळ्यांचे मॅगझिन असते आणि ती गॅसच्या जोरावर पुढची गोळी आपोआप भरते, पण एका चापाला एकच गोळी सुटते. आपली १ए१ एसएलआर बर्स्ट मारीत नाही, तरी पडद्यावर ती मशीनगनसारखी चालवलेली वारंवार दिसते. कॉकिंग हँडल डाव्या बाजूला असते, म्हणजे उजवा हात मुठीवरून न काढता डाव्या हाताने कॉक करता येते. वडिलांचा उजवा हात बोल्टवर आणि मुलाचा डावा हात कॉकिंग हँडलवर, इतका सरळ फरक तुमच्या कथेला आयता मिळालेला आहे. दोघांच्या हाती एकच रायफल दिली की तो नाहीसा होईल. कार्बाईन म्हणजे स्टर्लिंग येथे अगदी योग्य आहे, ३४ गोळ्यांच्या वाकड्या मॅगझिनसह. एलएमजी (हलकी मशीनगन) म्हणून ब्रेनच, पण ७.६२ ची, आणि तिचे मॅगझिन जुन्या थ्री-नॉट-थ्री ब्रेनच्या मॅगझिनहून बरेच सरळ असते. इन्सास ही रायफल १९९० च्या दशकातील आहे, ती १९७१ च्या जवानाच्या हाती कधीही देऊ नये, मागच्या रांगेतही नाही. पाकिस्तानी बाजूला जी-थ्री ही रायफल आणि चिनी बनावटीच्या रायफली योग्य ठरतील. जी-थ्रीचे कॉकिंग हँडल पुढे बॅरलच्या वरच्या नळीवर असते, त्यामुळे एसएलआर जी-थ्री म्हणून खपत नाही.

हातगोळ्याविषयी दोन वाक्ये. दोन्ही काळांत ३६ नंबरचाच गोळा चालतो. त्याची पिन दाताने ओढता येत नाही, तसे करू पाहणाऱ्याचे दातच जातील. पिन बोटाने ओढतात आणि लिव्हर हातात घट्ट धरलेले असते. हातगोळा फुटल्यावर पेट्रोलसारखा आगीचा लोळ उठत नाही, कडक आवाज, धूळ आणि काळपट धूर दिसतो.

प्रेक्षकाला कळेल का, या तुमच्या प्रश्नाकडे आता येतो. तुमचा चित्रपट प्रथम सातारा, सांगली, कोल्हापूर येथे पाहिला जाईल. अपशिंगे मिलिटरीसारखे गाव साताऱ्याजवळच आहे आणि या तिन्ही जिल्ह्यांत पेन्शनवर घरी आलेला फौजी नाही अशी गावे थोडीच असतील. एसएलआर खोलून पुल-थ्रूने नळी साफ केलेली, चिंदीला तेल लावलेली माणसे पुढच्या रांगेत बसलेली असणार. त्यांना मॉडेलचे नाव आठवण्याची गरजच पडणार नाही, कारण त्यांचे हात ते ओळखतात. त्यांच्या शेजारी बसलेल्या नातवाला तांत्रिक चूक कळणार नाही, पण आजोबा खुर्चीत अस्वस्थ झालेले त्याला दिसेल. हा खर्च मी या माणसांसाठी करायला सांगतो आणि त्याबाबतीत मी कोणाच्याही दडपणाखाली मत बदललेले नाही.

खर्चाची वाटणी मी अशी करीन. टॉमी गनची धातूची, खऱ्या वजनाची एकच उत्तम प्रतिकृती मिळवा, कारण कथेचा कळसच तिच्यावर आहे. बोल्ट चालणाऱ्या दोन किंवा तीन थ्री-नॉट-थ्री जवळच्या दृश्यांसाठी घ्या. मागच्या रांगांसाठी लाकडी किंवा फायबरच्या प्रतिकृती कोल्हापूरच्या कला विभागातील कारागीर चांगल्या करून देतात, फक्त त्यांना व्हार्निशची चमक देऊ देऊ नका. रायफलीच्या लाकडाला सैन्यात जवसाचे तेल चोळले जाते, त्याचा रंग गडद आणि मंद असतो, आणि हात जेथे लागतो तेथे तो अधिक काळवंडतो. स्लिंग, पाउच आणि चार्जर यांवर थोडे अधिक खर्च करा, कारण मोकळ्या क्षणी कॅमेरा तेथेच जातो. नटांना चित्रीकरणाआधी काही दिवस रोज रायफल घेऊन चालायला, बसायला आणि झोपायला लावा. फौजीची रायफल त्याच्या हातापासून दूर जात नाही, आणि ती ठेवताना तो दस्ता आपटत नाही.

ब्लँक म्हणजे पुढचे शिसे नसलेल्या, नुसत्या दारूच्या गोळ्यांबाबत मात्र माझे मत कडक आहे. बोल्टच्या रायफलीत ब्लँक सहज चालते, पण एसएलआरमध्ये नळीच्या तोंडाशी खास अडथळा लावल्याशिवाय ब्लँकने बोल्ट मागे जात नाही, म्हणून त्यासाठी जाणकार माणूस लागतो. ब्लँकमधूनही गरम वायू आणि कण जोराने बाहेर पडतात आणि जवळून ते जीव घेऊ शकतात. २०२१ मध्ये अमेरिकेतील न्यू मेक्सिकोत एका चित्रपटाच्या तालमीत सेटवरच्या रिव्हॉल्व्हरमधून खरी गोळी सुटली आणि छायाचित्रकार महिलेचा मृत्यू झाला. तुमच्या आवाक्यात ब्लँक नको असे मी स्पष्ट सांगतो. तोंडाशी दिसणारी ज्वाला नंतर संगणकावर घाला, पण त्या वेळी बोल्ट हललेला आणि पुंगळी उडालेली दिसेल असे पाहा, नाहीतर ज्वाला उघडी पडते. बोल्टच्या रायफलीत हे नटाच्या हातानेच साधते. दिवसाउजेडी थ्री-नॉट-थ्रीची ज्वाला फारशी दिसत नाही, त्यामुळे तेथे ती घालण्याचा मोह टाळावा.

शस्त्र अधिनियम, १९५९ प्रमाणे थ्री-नॉट-थ्री आणि ७.६२ या लष्करी बोअरच्या खऱ्या रायफली सामान्य नागरिकाला बाळगता येत नाहीत. पुरवठादाराकडून प्रत्येक नगाबाबत तो निकामी केलेला किंवा प्रतिकृती असल्याचे लेखी घ्या, चित्रीकरणाची तारीख, जागा आणि शस्त्रांची यादी संबंधित पोलीस ठाण्यात आधी देऊन पोच घ्या, आणि नेण्या-आणण्याच्या वेळी ती शस्त्रे उघड्या जीपमध्ये न ठेवता कुलूपबंद पेटीत ठेवा. सेटवर एकाच माणसाकडे सर्व शस्त्रांचा ताबा असावा. त्याने सकाळी मोजून द्यावीत, प्रत्येक वेळी नळी आणि चेंबर नटाच्या समोर तपासावेत आणि संध्याकाळी मोजून परत घ्यावीत. पलटणीच्या कोतमध्ये म्हणजे शस्त्रागारात हेच रोज होते, आणि या कामासाठी तुमच्या भागातील एखाद्या निवृत्त आर्मररला किंवा कोत एनसीओला विचारलेत तर तो आनंदाने येईल.